यंत्राची नमुना सही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक होते. आकडे जुळले की काम संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. तिजोरीच्या किल्ल्या किती, त्या कोणाकडे असतात, मॅनेजर रजेवर गेला तर कोणाच्या सहीने दुसऱ्याच्या हातात जातात, हे ते दप्तरात शोधत. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो नावाने परका वाटेल, पण प्रश्न त्यांचाच आहे. तिजोरी आता आपल्या इमारतीत राहिलेली नाही, एवढाच फरक.

विषय असा. आपल्या संस्थेचा एखादा प्रोग्रॅम क्लाउडच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो आपलाच आहे हे क्लाउडला कसं कळतं? त्यासाठी आपण घरच्या घरी तयार केलेलं, आपणच सही केलेलं सर्टिफिकेट, ज्याला संगणक क्षेत्रातली मंडळी ‘सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट’ म्हणतात, ते चालतं का? आणि चालत असेल तर कोणत्या अटींवर?

माझं मत आधीच सांगतो. ते चालतं, आणि या कामासाठी तेच योग्य आहे. त्याच्याबद्दलची भीती चुकीच्या जागी आहे. सर्टिफिकेटवर सही कोणाची, यावर आपल्याकडे बैठका होतात. सही करणारी त्याची खासगी किल्ली कोणत्या फोल्डरमध्ये पडली आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी काम काय असतं ते पाहू. शाळा, महाविद्यालयं, पतसंस्था, रुग्णालयं यांचे मेल आणि कागदपत्रं आता मोठ्या प्रमाणावर क्लाउडवर आहेत. फीची पावती पालकांच्या मेलवर जाते, दिवसअखेरचा अहवाल रात्री मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या कागदपत्रांच्या जागेवर चढतो, थकबाकीची स्मरणपत्रं आपोआप निघतात. ही कामं माणूस करत नाही. कार्यालयातल्या सर्व्हरवर ठरलेल्या वेळी चालणारा एखादा छोटा प्रोग्रॅम करतो. पूर्वी अशा प्रोग्रॅममध्ये एका मेलबॉक्सचं नाव आणि त्याचा पासवर्ड सरळ लिहून ठेवलेला असे. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेच्या बहुतेक मार्गांवर ही पद्धत बंद करायला सुरुवात केली, आणि ते बरंच झालं. पासवर्ड हा माणसासाठी असतो. माणसाच्या पासवर्डमागे ओटीपीचं दुसरं कुलूप लावता येतं. रात्री दोन वाजता चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात मोबाइल नसतो.

म्हणून प्रोग्रॅमला त्याची स्वतःची ओळख द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या जगात ही नोंद ‘एन्ट्रा आयडी’मध्ये होते. २०२३ पर्यंत त्याचं नाव ॲझुर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतं. तिथे ‘ॲप रजिस्ट्रेशन’ केलं की प्रोग्रॅमला एक क्रमांक मिळतो. क्रमांक गुप्त नसतो, तो कोणालाही माहीत असला तरी बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीवर. हा क्रमांक माझाच आहे, हे प्रोग्रॅमने सिद्ध कसं करायचं?

त्याचे दोन मार्ग ठळक आहेत. पहिला ‘क्लायंट सीक्रेट’. मायक्रोसॉफ्ट एक लांबलचक अक्षरमाला तयार करून देतं, ती प्रोग्रॅमने दर वेळी सांगायची. नाव नवं असलं तरी हा पासवर्डच आहे. तो सेटिंगच्या फाइलमध्ये जातो, फाइलची प्रत बॅकअपमध्ये जाते, कोणीतरी सगळा कोड गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर ठेवतो आणि त्याबरोबर तोही जातो. २०१६ मध्ये उबरच्या गिटहबवरच्या खासगी कोडमध्ये घुसलेल्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडच्या किल्ल्या तिथेच सापडल्या, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली. ती खासगी जागा होती, तरीही हे झालं.

दुसरा मार्ग सर्टिफिकेटचा. कितीतरी संस्था या मार्गाला नाइलाजाने लागतात. शेअरपॉइंट ऑनलाइनच्या स्वतःच्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या दारावर, कोणा माणसाने लॉगिन न करता एन्ट्राच्या नोंदणीने काम करायचं तर क्लायंट सीक्रेट चालत नाही, सर्टिफिकेट मागितलं जातं. एक्सचेंज ऑनलाइनचं व्यवस्थापन पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या साधनातून आपोआप चालवायचं तरी तेच. मग कोणीतरी मार्गदर्शिका उघडतो, तिथे सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट बनवायची आज्ञा दिसते, आणि बैठकीत आक्षेप येतो, ‘सेल्फ-साइन्ड? म्हणजे असुरक्षित ना?’

हा आक्षेप ब्राउझरने शिकवलेला आहे. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट असलेलं संकेतस्थळ उघडलं की पडदाभर इशारा येतो. तिथे तो इशारा बरोबर आहे. का बरोबर आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक कल्पना मांडली. एका किल्लीऐवजी किल्ल्यांची जोडी करायची. एक जगाला द्यायची, एक स्वतःजवळ ठेवायची. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात उतरवणारी पद्धत शोधली. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. ब्रिटनच्या गुप्तचर संस्थेत जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स याच ठिकाणी काही वर्षं आधी पोहोचले होते, पण ते १९९७ पर्यंत जाहीर झालं नाही. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते. जाहीर किल्ली हातात असूनही सही मात्र करता येत नाही. आजच्या या साऱ्या व्यवहाराचा पाया एवढाच आहे.

पण एक अडचण उरली. एखादी जाहीर किल्ली अमक्याचीच आहे, हे कोणी सांगायचं? डिफी आणि हेलमन यांच्या मनात एक सार्वजनिक नोंदवही होती. १९७८ मध्ये एमआयटीत पदवीचा विद्यार्थी असलेल्या लॉरेन कोनफेल्डरने प्रबंधात सुचवलं की नोंदवहीतली एकेक नोंद सही करून सुटी द्यावी, म्हणजे दर वेळी नोंदवही उघडायला नको. सर्टिफिकेटचा जन्म तो. १९८८ मध्ये त्याचा नमुना एक्स.५०९ या नावाने प्रमाणित झाला आणि आज आपण जे बनवतो तेही त्याच साच्यातलं असतं. नव्वदच्या दशकात नेटस्केपने ब्राउझरमध्ये हे आणलं आणि सर्टिफिकेट विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ब्राउझर आणि संकेतस्थळ एकमेकांना अनोळखी असतात. मी बँकेच्या संकेतस्थळावर पहिल्यांदा जातो, तेव्हा समोरची किल्ली बँकेचीच आहे हे सांगणारा तिसरा कोणीतरी लागतो. तो नसेल तर इशारा यायलाच हवा.

आता या तिसऱ्याकडे बघा. त्याचं सर्टिफिकेट कोणी दिलं? त्याच्या वरच्याने. त्या वरच्याला? त्याच्याही वरच्याने. अशी साखळी चढत गेलं की टोकाला एक सर्टिफिकेट असतं, आणि त्याच्यावर त्याचीच सही असते. जगातली प्रत्येक साखळी सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटवर संपते. दुसरीकडे कुठे संपणारच नाही.

आपल्यातल्या अनेकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ई-आधारची पीडीएफ संगणकावर उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ असं येतं. मग कोणीतरी सांगतं की त्यावर उजवी क्लिक कर, सहीचा तपशील उघड, साखळीत सर्वांत वर ‘सीसीए इंडिया’ दिसेल, त्याच्यावर विश्वास असल्याची खूण कर. हिरवी खूण येते. सीसीए म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेला प्रमाणक प्राधिकरणांचा नियंत्रक. भारतातल्या डिजिटल सह्यांच्या साखळीचं मूळ त्याच्याकडे आहे, आणि त्या मूळ सर्टिफिकेटवर सही त्याची स्वतःचीच आहे. त्यात गैर काही नाही, मूळ असंच असतं. आपण त्यावर विश्वास ठेवतो तो कायदा आणि ती संस्था आपल्याला ठाऊक असते म्हणून. सही कशाने केली, हे आपण पाहिलेलंही नसतं.

तिसऱ्याची हमी किती टिकते, याचाही अनुभव जगाने घेतला आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधली डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी कंपनी हॅक झाली. पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेटं निघाली, त्यात गूगलच्या नावाचंही होतं, आणि ते इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर डोळा ठेवायला वापरलं गेलं. पकडलं कसं गेलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये गूगलच्या स्वतःच्या किल्ल्यांची यादी आधीच भरलेली होती. समोर आलेलं सर्टिफिकेट अधिकृत साखळीतलं होतं, पण यादीशी जुळत नव्हतं, म्हणून क्रोमने हरकत घेतली. थेट ओळख तिसऱ्याच्या हमीपेक्षा खरी ठरली. डिजिनोटारचं त्याच सप्टेंबरमध्ये दिवाळं निघालं. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्रमाणक यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलला आढळलं, आणि नियंत्रकाने एनआयसीची ती मधली सर्टिफिकेटं रद्द केली.

आता आपल्या प्रोग्रॅमकडे परत येऊ. इथे दोघं अनोळखी आहेत का? संस्थेच्या ॲडमिनने आपल्या खात्याने लॉगिन केलं आहे, ओटीपी दिला आहे, आणि स्वतःच्या हाताने जाहीर किल्ली एन्ट्राच्या नोंदणीत चढवली आहे. बँकेत खातं उघडताना आपण नमुना सही देतो. पुढे प्रत्येक चेकवरची सही त्या कार्डाशी ताडून पाहिली जाते, तिथे नोटरीची गरज नसते. ही नोंद तशीच आहे, फक्त एका बाबतीत भक्कम आहे. नमुना सही पाहून एखादा हुशार माणूस नक्कल करू शकतो. जाहीर किल्ली पाहून कोणीही सही करू शकत नाही. म्हणून क्लाउड इथे सर्टिफिकेटवरची सही कोणाची ते बघत नाही. नोंदवलेली किल्ली आणि आलेली सही जुळते का, एवढंच बघतं. त्याच सर्टिफिकेटसाठी बाहेरच्या कंपनीला पैसे मोजले तरी क्लाउड तपासणार ते हेच. ते पैसे वाया जातात.

बनवणं सोपं आहे. विंडोजवर पॉवरशेलमधली ‘न्यू-सेल्फसाइन्डसर्टिफिकेट’ ही एकच आज्ञा पुरते. काही न सांगितल्यास ती २०४८ बिटांची आरएसए किल्ली आणि एक वर्षाची मुदत देते. लिनक्सवर ओपनएसएसएल हेच करतं, तिथे मुदत न सांगितल्यास फक्त ३० दिवस मिळतात आणि अनेकांची पहिली फजिती तिथेच होते. हाती दोन फाइली येऊ शकतात. एकीचं नाव .सीईआरने संपतं, तिच्यात फक्त जाहीर किल्ली असते. ती एन्ट्रावर चढवायची, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी हरकत नाही. दुसरीचं नाव .पीएफएक्सने संपतं आणि तिच्यात खासगी किल्ली असते. या दोन फाइलींतला फरक संस्थेच्या सचिवालाही माहीत असला पाहिजे, असं मी आग्रहाने सांगतो. एका संस्थेत मी पाहिलं की .पीएफएक्स फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये पाच जणांना गेला होता. त्यातला एक जण तोपर्यंत नोकरी सोडून गेला होता.

एक बारीक गोष्ट, कारण तिच्यापायी लोकांचे दिवसच्या दिवस जातात. आजच्या विंडोजवर किल्ली ज्या नव्या पद्धतीने साठते, तिला सीएनजी म्हणतात. एक्सचेंज ऑनलाइनच्या आपोआप लॉगिनला मायक्रोसॉफ्टने जुनी, सीएसपी पद्धतीची किल्ली लागते असं सांगून ठेवलं आहे. सर्टिफिकेट बनवतानाच तसं सांगावं लागतं. आणखी एक अडचण. सर्टिफिकेट ज्या वापरकर्त्याने बनवलं त्याच्या कप्प्यात जातं, रात्रीचा प्रोग्रॅम मात्र दुसऱ्याच खात्याखाली चालतो आणि त्याला किल्ली सापडत नाही. अशा वेळी प्रोग्रॅमलाच ॲडमिन करून टाकायचा मोह होतो. तसं करू नये. सर्टिफिकेट संगणकाच्या सामायिक कप्प्यात ठेवून त्या एका खात्याला खासगी किल्ली वाचण्याची परवानगी द्यायची. दहा मिनिटांचं काम आहे.

आता दाराशी घडतं ते असं. प्रोग्रॅम एक छोटासा मजकूर तयार करतो. माझा क्रमांक हा, हा मजकूर अमक्या पत्त्यासाठी, याचा एकमेव खूणक्रमांक हा, आणि हा काही मिनिटंच चालेल. त्याच्या मथळ्यात सर्टिफिकेटचा अंगठा, म्हणजे थंबप्रिंट, असतो. नोंदवलेल्या किल्ल्यांपैकी कोणती लावून पाहायची ते त्यावरून कळतं. मग खासगी किल्लीने त्यावर सही होते आणि मजकूर मायक्रोसॉफ्टकडे जातो. सही जुळली की टोकन, म्हणजे तात्पुरता प्रवेशपास, मिळतं. ते साधारण तास-सव्वा तास चालतं आणि त्याच्या बळावर प्रोग्रॅम मेल पाठवतो किंवा फाइल ठेवतो. या पद्धतीचं प्रमाण २०१५ मध्ये आरएफसी ७५२३ म्हणून प्रसिद्ध झालं. सेल्सफोर्स ही क्लाउड सेवाही हीच पद्धत वापरते, तिथेही स्वतःचं सर्टिफिकेट चालतं. गूगल क्लाउडवरही सर्व्हिस अकाउंटसाठी, म्हणजे प्रोग्रॅमच्या खात्यासाठी, आपली जाहीर किल्ली अशा सर्टिफिकेटमधून चढवता येते.

या साऱ्यात खासगी किल्ली संगणकाबाहेर एकदाही गेली नाही. क्लायंट सीक्रेट दर वेळी प्रवास करतं, खासगी किल्ली घरी बसून सही करते. सर्टिफिकेटचं खरं बळ इथे आहे. म्हणूनच ती किल्ली कुठे आहे, या प्रश्नाला मी एवढं महत्त्व देतो. किल्लीची फाइल डेस्कटॉपवर पडली असेल तर सगळं बळ गेलं. तेव्हा ती बाहेर काढताच येणार नाही, अशी बनवावी. पॉवरशेलच्या आज्ञेत तशी सोय आहे. शक्य असेल तिथे संगणकातल्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये ठेवावी, किंवा मायक्रोसॉफ्टच्या ॲझुर क्लाउडमधल्या की व्हॉल्टसारख्या तिजोरीत. की व्हॉल्ट सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट स्वतः बनवतं आणि मुदत संपायच्या आधी स्वतः नवं करतं. पण नव्या सर्टिफिकेटची जाहीर किल्ली ॲपच्या नोंदणीत आपणहून जात नाही, ती आपल्यालाच न्यावी लागते. हे न कळल्यामुळे सगळं आपोआप चाललं आहे, असा समज करून घेतलेली माणसं मला भेटली आहेत.

किल्ली सांभाळली नाही तर काय होतं, तेही पाहू. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण उघड झालं. अमेरिकन सरकारच्या खात्यांपर्यंत पोहोचलेल्या त्या हल्ल्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही आपल्या विषयाच्या आहेत. काही ठिकाणी हल्लेखोरांनी एडीएफएस या लॉगिन यंत्रणेची टोकनवर सही करणारी खासगी किल्ली मिळवली आणि हव्या त्या माणसाच्या नावाची टोकनं स्वतः बनवली. त्या यंत्रणेतलं हे सर्टिफिकेट सुरुवातीपासून सेल्फ-साइन्डच असतं. ते बाहेरून विकत घेतलं असतं तरी चोरी तशीच झाली असती, कारण चोरीला गेली ती किल्ली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हल्लेखोरांनी आधीपासून नोंदलेल्या ॲपमध्ये आपली स्वतःची किल्ली जोडली. बँकेतल्या नमुना सहीच्या कार्डावर दुसऱ्या कोणाची सही गुपचूप चढवावी, तसं. ॲप जुनं, परवानग्या जुन्या, नाव ओळखीचं. कोणाला संशयही आला नाही.

तेव्हा तुमच्या संस्थेत ॲपच्या नोंदणीत नवी किल्ली चढवण्याचा अधिकार किती जणांकडे आहे? ॲडमिनची यादी काढा आणि मोजा. शिवाय एन्ट्रा अशा प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. ती नोंद महिन्यातून एकदा कोणीतरी वाचली पाहिजे. आमचे लेखापरीक्षक असते तर त्यांनी आधी तीच मागितली असती.

मुदतीचा प्रश्न वेगळा आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओ-टू या मोबाइल कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं इंटरनेट दिवसभर बंद होतं. जपानमध्ये सॉफ्टबँकच्या ग्राहकांनाही फटका बसला. कारण होतं एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं एक सर्टिफिकेट. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टीम्स काही तास बंद पडलं, तेही लॉगिनच्या कामातलं एक सर्टिफिकेट नवं करायचं राहून गेलं म्हणून. एवढ्या मोठ्या कंपन्यांत हे होतं, म्हणून काही मंडळी सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटला दहा वर्षांची मुदत देतात आणि मोकळी होतात. मला हे अजिबात पटत नाही. दहा वर्षांत ते बनवणारा माणूस संस्थेत नसतो, सर्व्हर तीनदा बदलतो, आणि जुन्या डिस्कवर राहिलेली किल्ली अजून चालू असते. संकेतस्थळांच्या सर्टिफिकेटचं जग उलट दिशेने निघालं आहे. ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून त्यांची कमाल मुदत ४७ दिवस होईल. आपल्या घरच्या सर्टिफिकेटला तो नियम लागू नाही, पण त्यामागचा विचार लागू आहे. बदल वारंवार केला तर तो सवयीचा होतो. माझ्या मते एक वर्ष ही वरची मर्यादा असावी, सहा महिने जास्त बरे.

बदलताना काम बंद ठेवावं लागत नाही. नोंदणीत एकाच वेळी दोन किल्ल्या राहू शकतात. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नवं सर्टिफिकेट बनवायचं, जुनं असतानाच नवं चढवायचं, सर्व्हरवर नवं लावायचं. लॉगिनच्या नोंदीत कोणत्या किल्लीने काम झालं ते दिसतं. जुन्या किल्लीने कोणीच येत नाही अशी खात्री झाली, की तिला नोंदणीतून काढायचं. या शेवटच्या पायरीवर सगळे कंटाळतात. नवं चालू झालं, फोन यायचे थांबले, मग जुनं काढायचं कोणाला आठवणार? मुदत संपेपर्यंत ती किल्ली जिवंत राहते.

परवानग्यांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. प्रोग्रॅम ज्या दाराने मायक्रोसॉफ्टच्या सेवांपर्यंत पोहोचतात, त्या मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये ॲपला ‘मेल.सेंड’ ही परवानगी दिली, तर ते ॲप संस्थेतल्या कोणत्याही मेलबॉक्सच्या नावाने मेल पाठवू शकतं. अध्यक्षांच्या नावानेही. एक्सचेंजमध्ये ती एकाच मेलबॉक्सपुरती बांधून ठेवता येते आणि ती बांधलीच पाहिजे. शेअरपॉइंटसाठी ‘साइट्स.सिलेक्टेड’ ही परवानगी आहे. तिने फक्त नेमून दिलेल्या साइट उघडतात. ओळख कितीही पक्की केली, तरी ओळख पटलेल्याला घरभर फिरायची मुभा असेल तर धोका कमी होत नाही.

हा मार्ग कुठे वापरू नये, हेही सांगायला हवं. लोकांसाठी असलेल्या संकेतस्थळावर सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट लावू नये. तिथे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून २०१५ पासून फुकट आणि आपोआप सर्टिफिकेट मिळतं, त्यामुळे सबब उरलेली नाही. आणि संस्थेच्या आतल्या एखाद्या सर्व्हरचं सर्टिफिकेट ओळखत नाही म्हणून प्रोग्रॅममध्ये सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकणं, हे मी सर्वांत वाईट समजतो. कोडमधली ती एक ओळ सगळी साखळी तोडते. ते सर्टिफिकेट विश्वासाच्या यादीत घालणं तेवढ्याच वेळात होतं.

तुमचा प्रोग्रॅम ॲझुरच्याच मशिनवर चालत असेल, तर स्वतःचं सर्टिफिकेट बनवूच नका. तिथे ‘मॅनेज्ड आयडेंटिटी’ आहे. किल्ल्या मायक्रोसॉफ्ट सांभाळतं आणि स्वतः फिरवतं, तुमच्या माणसाच्या हातात किल्ली येतच नाही. गिटहबवरून चालणाऱ्या कामांसाठीही किल्लीशिवाय विश्वास जोडण्याची सोय झाली आहे. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट उरतं ते तुमच्या स्वतःच्या खोलीत, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. आपल्या जिल्ह्यांतल्या संस्थांमध्ये असे सर्व्हर अजून पुष्कळ आहेत आणि पुढची कित्येक वर्षं राहतील. म्हणून हा विषय मी इथे मांडला.

शेवटी व्हेंडरबद्दल. बहुतेक संस्थांना प्रोग्रॅम बाहेरचा कोणीतरी करून देतो, आणि सर्टिफिकेटही तोच त्याच्या लॅपटॉपवर बनवून आणतो. म्हणजे खासगी किल्लीची एक प्रत त्याच्या लॅपटॉपवर राहिली. तो कितीही भला असो, तो लॅपटॉप कुठे कुठे जातो हे आपल्या हातात नाही. किल्ल्यांची जोडी आपल्या सर्व्हरवर, आपल्या माणसासमोर तयार करून घ्या आणि बाहेर न निघणारी करून घ्या. त्याला .सीईआर फाइल खुशाल द्या. करार संपला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याच दिवशी नवी किल्ली चढवून जुनी नोंदणीतून काढा. या पद्धतीत सर्टिफिकेट रद्द करणं म्हणजे नोंदणीतून ते काढणं, दुसरीकडे अर्ज करायचा नसतो. मात्र आधी दिलेलं टोकन आणखी तासभर, कधी त्याहून थोडं जास्त चालत राहतं. त्यामुळे हे काम कार्यालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत लांबवू नका. दुपारी करा आणि संध्याकाळी जाताना लॉगिनच्या नोंदी एकदा पाहून मग कुलूप लावा.